बंदूक बाबांच्या नावावर, गाडी तुमची

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पट्ट्यात. बाबांच्या नावावर 12 बोरची दुनळी आहे. पीकसंरक्षणासाठी घेतलेली, मी शाळेत होतो तेव्हापासूनची. बाबा आता 72 वर्षांचे, गुडघे गेलेत, लांबचा प्रवास सोसत नाही. लायसन्स रिन्यू करायचंय आणि बंदूक तपासणीला आणा म्हणून बेळगावहून निरोप आलाय. मी मोटरसायकलवरून नेईन म्हणतो. 17 वर्षांचा भाचा मागं बसून बंदूक धरेल.

दुसरं, चंदगड तालुक्यात मामांच्या उसात डुकरांनी धुमाकूळ घातलाय. दोन रात्री बंदूक घेऊन ये म्हणतात. बेळगाववरून शिनोळीमार्गे जायचं, फार लांब नाही. तिसरं, परवा शेतातून येताना बंदूक खांद्याला होती. बसस्टॉपवर शाळेची पोरं होती, तिथल्या बाई सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडल्या. लायसन्सच्या बंदुकीवर ओरडायचा त्यांना काय अधिकार? आणि शेवटचं, चुलतभावाच्या लग्नात वरातीत दोन बार काढायचा आग्रह चाललाय. काय करू?

— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर

भाऊ, तुमचे चार प्रश्न चार बाजूंचे दिसतात, पण चारही ठिकाणी तुम्ही एकच धरून चाललाय, की बंदुकीचं लायसन्स आहे म्हटल्यावर घरातल्या कुणीही ती उचलावी. ट्रॅक्टरचं आरसी बुक घरात असलं की कुणीही ट्रॅक्टर हाकतो, तसं इथं चालत नाही. लायसन्स तुमच्या बाबांना दिलंय. त्यावर त्यांचं नाव आहे, फोटो आहे, बंदुकीचा नंबर आहे, कारण लिहिलंय आणि ते कुठल्या हद्दीत चालतं तेही लिहिलंय. तेव्हा आधी लायसन्सचं पुस्तक ट्रंकेतून काढा आणि शांतपणे वाचा. हद्दीचा रकाना आणि मागे छापलेल्या अटी तर दोनदा वाचा. बहुतेक घरांत ते पुस्तक रिन्यू करायच्या वेळेलाच उघडतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. शस्त्र कायदा 1959 सालचा. त्याच्या कलम 3 प्रमाणे लायसन्स नसलेल्या माणसानं बंदूक जवळ बाळगायची नाही, न्यायची नाही. पण त्याच कलमात तुमच्यासारख्यांसाठी एक खिडकी ठेवलीय. लायसन्सधारक समोर हजर असेल, किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर दुसऱ्या माणसाला बंदूक नेता येते. मात्र तीनच कामांसाठी: दुरुस्ती, लायसन्सचं नूतनीकरण, आणि खुद्द लायसन्सधारकाला वापरायची असेल तेव्हा. म्हणजे बाबांची बंदूक रिन्यूसाठी बेळगावला न्यायला तुम्हाला मुभा आहे, बाबांचं पत्र खिशात असेल तर. बाबा घरी झोपलेले असताना ती खांद्याला लावून रानात राखणीला जायची मुभा नाही. परवा स्टॉपवर तुम्ही एकटे होता, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. बाई ओरडल्या याचा राग धरू नका. त्या जागी पोलीस उभा असता तर गोष्ट ओरडण्यावर भागली नसती. विनालायसन्स बंदूक बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं कैद, वर दंड. पूर्वी ती 1 ते 3 वर्षं होती.

बेळगावच्या फेरीपासून सुरुवात करू, कारण ती तुम्हाला करायचीच आहे.

भाच्याला घरी ठेवा. 21 वर्षं पूर्ण न झालेल्यानं बंदूक जवळ बाळगायची नाही, न्यायची नाही, असं कायद्यात साफ लिहिलंय. नेमबाजी शिकणाऱ्या खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे, ती तुमच्या भाच्याला लागू नाही. तो मागं बसून बंदूक धरणार म्हणजे बंदूक त्याच्या ताब्यात. पोरगा अडकेल आणि त्याच्या हातात दिली म्हणून तुम्हीही अडकाल.

मोटरसायकलही टाळा, असं मी म्हणेन. मोटरसायकलवरून न्यायला कायद्यानं बंदी आहे असं नाही. पण 2016 च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी बंदूक कशी न्यायची ते सांगितलंय: तिच्यासाठीच बनवलेल्या पिशवीत, पूर्ण झाकलेली, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा राहील अशी. जांबोटीहून बेळगावचा रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुसमळीचा पूल, पावसाळ्यात पडलेले खड्डे, गोव्याकडनं येणारे ट्रक. एका हातानं हँडल धरून पाठीवरची पिशवी सावरणं याला कुणी ताबा म्हणणार नाही. भावकीतल्या कुणाची तरी जीप नाहीतर कार घ्या. बाबांना पुढच्या सीटवर बसवून आणता आलं तर सोन्याहून पिवळं, मग पत्राचीही गरज उरत नाही. तपासणीच्या वेळी सहीसाठी त्यांना बोलावलं जाऊ शकतं, ते आधी फोन करून विचारा. एसटीनं मात्र नेऊ नका. आपल्याकडं गाडी किती भरते ते माहीत आहेच. कुणाच्या तरी दुधाच्या कॅनवर ती पिशवी आडवी पडणार आणि सगळी गाडी तुमच्याकडं बघत बसणार.

दुनळी मोडून न्या, हे तर तुम्हाला येतंच. पुढचा लाकडी तुकडा काढला की नळ्या दस्त्यापासून सुटतात. तीन भाग वेगवेगळे, कापडात गुंडाळून आखूड पिशवीत. मोडायच्या आधी दोन्ही नळ्या उजेडाकडं धरून आरपार बघा. बाबांनी काल रिकामी केली होती, आईनं हात लावला नाही, असल्या भरवशावर राहू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीतले कित्येक अपघात भरलेली बंदूक नळीकडनं ओढून बाहेर काढताना झालेले असतात. घोडा कशात तरी अडकतो आणि बार उडतो. मोडलेल्या, रिकाम्या बंदुकीचा बार उडत नाही. आणि पावसाचे दिवस असतील तर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत घाम धरतो आणि नळीला गंज चढतो. कोरडं कापड वर, त्यावर पिशवी, बेळगावला पोचल्यावर उघडून पुसा. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात किती घरच्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्यात, ते दुरुस्तीवाल्याला विचारा.

काडतुसं तपासणीला मागितली नसतील तर घरीच ठेवा. मागितली असतील तर मोजून, वेगळ्या डब्यात, बंदुकीच्या पिशवीत नव्हे. जितकी पत्रात लिहाल तितकीच डब्यात असू द्या. एक जास्त निघालं की सगळं पत्र संशयात येतं.

आता पत्र. बाबांनी स्वतःच्या सहीनं लिहायचं. त्यांचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर आणि त्यावरचा युआयएन (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक), बंदुकीची कंपनी नि नंबर, तुमचं नाव आणि नातं, कुठून कुठं, कशासाठी, कुठल्या तारखेला, काडतुसं किती. तारीख घालायला विसरू नका. तारीख नसलेलं पत्र खिशात वर्षभर फिरतं आणि मग ते कशालाही वापरलं जातं, हे पोलिसांना चांगलं ठाऊक असतं. खाली तोच मजकूर कन्नडमध्येही लिहून घ्या. भाषेच्या प्रश्नावर तुमचं माझं मत काय ते इथं बाजूला ठेवू. नाक्यावरचा हवालदार विजापूर-बागलकोटकडचा असेल, त्याला मराठी वाचता येत नसेल तर तो कागद त्याच्या उपयोगाचा नाही आणि म्हणून तुमच्याही नाही. लायसन्सचं पुस्तक मूळ न्या. मोबाइलमधला फोटो ही सोय आहे, पुरावा नव्हे. पत्राची एक झेरॉक्स घरीही ठेवा.

नाका लागला, गाडी थांबवली, तर? बंदुकीसह असलेल्या माणसाकडं लायसन्स मागायचा अधिकार कायद्याच्या कलम 19 नं कुठल्याही पोलिसाला दिलाय, त्यात अपमान वाटून घ्यायचं काही नाही. इंजिन बंद करा, हात दिसतील असे ठेवा आणि त्यानं पिशवीला हात लावायच्या आत तुम्हीच सांगा. कन्नडमध्ये सांगितलंत तर उत्तम: "सर, गाडियल्ली लायसन्स इरुव बंदूकु इदे, खाली इदे." म्हणजे, गाडीत लायसन्सची बंदूक आहे, रिकामी आहे. आधी कागद द्या. पिशवी तो म्हणेल तेव्हाच उघडा, आणि शक्य असेल तर त्यालाच उघडू द्या. "आमचे अमुक तमुक साहेब ओळखीचे आहेत" हे वाक्य घरी ठेवून या. त्यानं मामला लांबतो, असं मी बघत आलेय.

वाटेत चहाला थांबायचं तर एकानं गाडीत बसायचं. काम झालं म्हणून बंदूक डिकीत ठेवून दोघंही बाजारात कुंदा घ्यायला गेलात आणि काच फुटली, तर चोराचं काय व्हायचं ते होईल, बाबांचं लायसन्स मात्र गेलंच समजा. बंदूक सांभाळायची जबाबदारी त्यांची धरली जाते, गाडी कुणीही चालवलेली असो.

दिवस निवडताना आपल्या बेळगावचं पंचांग बघा. 1 नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस, त्या दिवशी शहरात शस्त्र घेऊन यायचं कारण कितीही खरं असलं तरी येऊ नका. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधला सुरू असतं तेव्हाही तसंच. गणपती विसर्जन, शिवजयंतीची मिरवणूक, हे दिवस सोडा. अशा वेळी जमावबंदीचा आदेश निघतो आणि त्यात शस्त्र बाळगायला बहुतेकदा मनाई असते, लायसन्स असो वा नसो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक दुकानदाराकडं जमा करायचा आदेश येतो. तो आला की पुन्हा तेच सगळं: मोडलेली बंदूक, पिशवी, पत्र. फक्त पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि तिची अवस्था लिहून घ्या, म्हणजे निकालानंतर परत मिळताना दस्त्याला नवा तडा गेलेला दिसला तर बोलायला तोंड राहतं. पिकात डुकरं असतानाच बंदूक ठाण्यात असते, ही आपल्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आणि खरी आहे. कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडं सूट मागता येते, पण ती आपसूक मिळत नाही, वेळेत अर्ज करावा लागतो.

मामांकडं वळू. तुमच्या मनाला शिनोळी म्हणजे पुढचं गाव. बाचीपर्यंत कर्नाटक, पुढं महाराष्ट्र, मधे एक पाटी. मुली दिल्या-घेतल्या, देवाला जातो-येतो, बाजार एक. हे सगळं कबूल, पण लायसन्सवरच्या हद्दीच्या रकान्याला यातलं काही ठाऊक नाही. त्यात "कर्नाटक" लिहिलं असेल, किंवा फक्त जिल्हा लिहिला असेल, तर त्या पाटीच्या पलीकडं तुमच्या हातात लायसन्स नाही, नुसती बंदूक आहे. हद्द वाढवून मागता येते, त्यासाठी लायसन्स देणाऱ्या कार्यालयात बाबांनी कारण दाखवून अर्ज करायचा असतो. मामांच्या उसातली डुकरं हे कारण तिथं टिकेल असं मला वाटत नाही.

आणि हद्द मिळाली तरी बाबांशिवाय तुम्ही नेणार, तुम्हीच चालवणार. वर सांगितलेल्या तीन कामांत ते बसत नाही. बाबांनी दहा पत्रं लिहून दिली तरी बसणार नाही. "पण मी बार काढणार नाही, नुसता धाक दाखवणार," असंही तुमच्या मनात आलं असेल. कायद्याच्या लेखी ते बाळगणंच झालं.

तिसरा अडथळा डुकराचाच. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे. उभ्या पिकाला धोका झाला म्हणून मारायचं असेल तर वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. वाटे घालून ते गावात पोचलं, की ज्याच्या ज्याच्या पातेल्यात गेलं तो तो अडकला. बंदुकीचं लायसन्स हा शिकारीचा परवाना नाही, ही दोन वेगळी खाती, दोन वेगळी कार्यालयं. मामांनी त्यांच्या भागातल्या वनक्षेत्रपालाकडं अर्ज करावा, नुकसानीचा पंचनामा मागावा. भरपाई थोडी मिळते, उशिरा मिळते, पण अर्जांची नोंद साठत गेली की खात्याला त्या शिवाराकडं बघावं लागतं. आणि कृपा करून कुणी कुंपणात वीज सोडायचा किंवा गावठी बॉम्ब पेरायचा सल्ला दिला तर कानावर घेऊ नका. गुरं मेलीत, माणसं मेलीत त्यानं.

हे लिहिता लिहिता तुमच्या गावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, ती तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक लायसन्सधारकानं, अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत वन खात्याकडं आपलं नाव नोंदवायचं असतं. जांबोटी पट्ट्यातली बरीच गावं या पट्टीत येतात. बाबांनी ती नोंद केलीय का, कागदांत बघा. केली नसेल तर घाबरून लपवू नका, वकिलाशी बोलून वन खात्याच्या रेंज ऑफिसला अर्ज द्या. नवीन लायसन्सही या 10 किलोमीटरांत मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही, हे पुढं तुम्हाला उपयोगी पडेल.

त्याहून महत्त्वाचं कलम 31. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. बंदूक मोडलेली असो, पिशवीत असो, लायसन्स असो. खानापूरहून हेमाडग्याकडं जाणारा रस्ता अभयारण्यातून जातो, तेव्हा "जवळचा रस्ता" म्हणून बंदूक घेऊन तिकडनं गाडी घालू नका. लोंढा-अनमोडवरून मोल्याला उतरलात तर पुढं गोव्याचं अभयारण्य लागतं, आणि राज्यही बदलतं. तुम्हाला बेळगावला जायचंय ना? मग जांबोटी, किणये, पिरनवाडी, सरळ रस्त्यानं, दिवसाढवळ्या. रात्री जंगलाच्या रस्त्यावर जीप, बॅटरी आणि बंदूक एकत्र सापडली, की शिकारी समजूनच चौकशी सुरू होते. गाडी थांबवून झडती घ्यायचा अधिकार वन अधिकाऱ्यांनाही आहे, आणि गुन्ह्यात वापरलेलं म्हणून जप्त झालेलं वाहन आणि शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. भावकीतल्याची जीप अशी गेली तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणी खावी लागतील.

मधेच एक. "कोडगूत तर लायसन्सच लागत नाही," असं तुम्हाला पारावर कुणीतरी सांगणारच. ते अर्धं खरं आहे. कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना केंद्र सरकारनं कायद्यातून सूट दिलेली आहे, 2019 साली ती 2029 पर्यंत वाढवली. ती त्यांची. आपल्या तालुक्यातल्या माणसानं तिच्याकडं बोट दाखवून सुटका होत नाही.

आता त्या शाळेच्या बाई. तुम्ही अधिकाराचं विचारलंत. बंदूक उघडी, खांद्याला, बसस्टॉपवर. झाकून न्यायचा नियम मी वर सांगितला, तेव्हा त्या बाईंची बाजू नियमातही बसते. पण नियम नसता तरी मी त्यांच्याच बाजूनं बोलले असते. तुम्हाला ठाऊक होतं की नळ्या रिकाम्या आहेत. त्या बाईंना कसं ठाऊक असणार? त्यांच्याजवळ वीस-पंचवीस पोरं, त्यांतली चार तुमच्याकडं "दादा, दाखव की" म्हणत धावली असणार. पूर्वी गावात बंदूकवाला माणूस वेशीच्या आत येताना नळी मोडून, हातावर टाकून यायचा. समोरच्याला लांबूनच दिसायचं की काडतूस नाही. आता तेवढ्यानं भागत नाही, पिशवी हवीच, पण त्यामागची रीत तीच आहे: दुसऱ्याला भीती वाटायच्या आत त्याची शंका मिटवायची.

म्हणून बाबा बरोबर असतील तेव्हा, शेतावर न्यायची असली तरी, रस्त्याला लागायच्या आधी पिशवीत घाला. शाळा, बाजार, देऊळ, जत्रेचं मैदान टाळून मागच्या पाणंदीनं जा, थोडा वळसा पडला तरी. शेजारच्या बांधावर कुणी कामाला असेल तर आधी हाक द्या. कुणाच्या घरी पाणी प्यायला थांबलात तर बंदूक घेऊन उंबरा ओलांडू नका, विचारा कुठं ठेवू. पोरांच्या हातात फोटोपुरतीही देऊ नका. तो फोटो संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरतो आणि मग खानापूर ठाण्यातून फोन येतो. खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांबरोबर तिची पूजा करा, हळदकुंकू वाहा, पण देव्हाऱ्यापासून ती पुन्हा कपाटातच जाऊ द्या. सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत नाही.

आणि बाईंना एकदा भेटून या. बंदूक न घेता. सांगा, चुकलं, पुन्हा असं दिसणार नाही. तुमच्या गावात डुकराच्या मागं बंदूक काढायची वेळ पुन्हा येणारच आहे, आणि त्या वेळी तक्रार करणारी माणसं जितकी कमी तितकं बरं. भाचाही बहुधा त्यांच्याच हाताखाली शिकलेला असेल.

लग्नाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात दोन मतं नाहीत. आनंदाच्या भरात निष्काळजीपणानं गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा 2019 पासून कायद्यात वेगळा गुन्हा आहे: 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स पीकसंरक्षणाचं, वरातीत कसलं पीक आहे? लायसन्सच्या अटी मोडल्याचं कलम वेगळं लागतं, त्यात 6 महिन्यांपर्यंत कैद आहे. छर्रा वर उडवला तरी कुठंतरी खाली येतो, आणि मांडवात सगळे आपलेच असतात. चुलतभावाला माझं नाव सांगा. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ द्या. ढोलपथक बोलवा, त्याचे अर्धे पैसे तुम्ही भरा.

राहिला तो मोठा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही, पण पत्रातून सगळीकडं डोकावतो. बाबांच्यानं आता बंदूक चालवणं होत नाही. राखण तुम्ही करता आणि कागद त्यांच्या नावावर. हे असंच ढकलत राहिलात तर एक दिवस बाबा नसतील आणि घरात एक बंदूक असेल जिचा कुणीच धनी नाही. तेव्हा ती विनाविलंब ठाण्यात किंवा लायसन्सधारक दुकानदाराकडं जमा करावी लागते. तेराव्याच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि दुःखात असलेलं घर केसमध्ये सापडतं.

यावर वाट आहे. लायसन्सधारकाची 70 वर्षं झाली, किंवा त्यानं ती बंदूक 25 वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला लायसन्स मागता येतं, असं 2016 च्या नियमांत आहे. बाबा 72 चे आहेत, म्हणजे एक अट कधीच पुरी झाली. भावंडं असतील तर त्यांची लेखी ना-हरकत आधीच घ्या, नाहीतर बंदुकीवरून वाटणी पुन्हा उकरली जाते. तुमची पोलीस चौकशी होईल, वैद्यकीय दाखला लागेल, बंदूक सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. भीमगडच्या 10 किलोमीटरांत गाव येत असेल तर वन खात्याच्या संमतीचा मुद्दाही निघेल, तो वर सांगितलाय. वेळ लागेल. मिळेलच असं मी म्हणत नाही, देणं न देणं लायसन्स अधिकाऱ्याच्या हातात आहे.

नळीला गंज असेल, चाप सैल असेल, तर तेही आताच बघून घ्या, म्हणजे तपासणीत अडणार नाही. दुरुस्ती लायसन्स असलेल्या दुकानातच. गावच्या लोहाराचा हात कितीही कसबी असला तरी बंदूक दुरुस्त करायला त्यालाही परवाना लागतो, आणि तुमच्या दोन स्प्रिंगांपायी त्याच्या भात्यावर धाड नको. पत्रात "नूतनीकरण व दुरुस्ती" अशी दोन्ही कामं लिहून घ्या.

तर निघण्याआधी डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) शस्त्र परवाना विभागात फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: बाबांनी स्वतः यायला हवं का, काडतुसं आणायची का, आणि वारसाचा अर्ज त्याच दिवशी घेतात का. लायसन्सची मुदत संपायला दोन-तीन महिने असतानाच हे करा. मुदत संपलेल्या लायसन्सवर बंदूक रस्त्यावर काढायची वेळ आली, तर बाबांचं पत्रही काही कामाचं नाही. तसं झालंच असेल तर बंदूक घेऊन निघू नका, आधी नुसते कागद घेऊन खानापूर ठाण्यात जा आणि ती जमा कशी करायची ते तिथंच विचारा.